किचनमध्ये शेवटी कोण उरतं?

एका सेमिस्टरसाठी परदेशी निघताना घरच्यांना ‘येतो’, ‘येते’ म्हणून निघता येतं. आपल्याकडे ‘जातो’ म्हणायची पद्धतच नाही, आणि त्या वेळी त्यात खोटंही काही नसतं. पाच-सहा महिन्यांत तुम्ही परत येणारच असता. पंचाईत होते ती परतताना. ज्या मजल्यावर इतके महिने काढले, तिथल्या लोकांना ‘येतो’ कुठल्या तोंडाने म्हणणार? त्या गावात तुम्ही पुन्हा कधीतरी जालही. हॉस्टेल असेल, कोपऱ्यावरची बेकरी असेल, ट्रामही त्याच वेळेला येईल. पण तुमच्यासोबत रात्री अकराला पास्ता उकळणारी मुलगी तेव्हा व्हॅलेन्सियात असेल आणि तुमच्या डब्यातलं लोणचं चोरून खाणारा अंकारात. ते सगळे एका किचनमध्ये पुन्हा जमणं जवळजवळ अशक्य. निरोप नेमका त्याचा असतो, गावाचा नव्हे.

जर्मनीचंच उदाहरण घेऊ. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात तिथे सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांमधला सगळ्यात मोठा गट. त्यातले बहुतेक पूर्ण डिग्रीसाठी गेलेले. एका सेमिस्टरपुरते जाणारे त्या मानाने कमी, आणि त्यांची गंमत अशी की गाव जरा ओळखीचं वाटू लागलं की निघायची वेळ येते. हिवाळी सत्राची लेक्चर्स साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपतात, मग परीक्षा, मग बॅगा.

जर्मनी तुमच्याकडून निरोपसुद्धा लेखी घेते! राहायला आल्यावर पत्ता नोंदवला होतात ना, तसा देश सोडताना तो काढूनही टाकायचा असतो. त्याला म्हणतात ‘आबमेल्डुंग’. घर सोडायच्या आधीच्या आठवड्यापासून ते सोडल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत हे करता येतं, पण विमानात बसण्याआधी उरकलेलं बरं. त्याचा कागद जपून ठेवा. टीव्ही-रेडिओची महिन्याला १८.३६ युरोची फी तुमच्या नावावर असेल, तर ती बंद करायला तोच लागतो. खोलीचं डिपॉझिट लगेच हातात पडेलच असं नाही, त्यामुळे बँकेचं खातं घाईने बंद करू नका. हॉस्टेलचा केअरटेकर खोली तपासायला येईल, तेव्हा फ्रीजमधला बर्फ वितळवलेला हवा आणि ओट्यावरचे हळदीचे डाग गेलेले हवेत. (ते जात नाहीत. पण प्रयत्न केलेला दिसला पाहिजे.) बॅगेचं वजन करायचा काटा शनिवारीच आणा, रविवारी दुकानं बंद. आणि पलंगाखाली साठलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मशीनमध्ये टाकून या, एकेकीचे २५ सेंट मिळतात. शेवटच्या कॉफीची सोय.

हे सगळं जमतं, कारण कुणीतरी यादी देतं. माणसांसाठी मात्र कुठलाच फॉर्म नाही, आणि इथे एक गोष्ट हमखास घडते. प्रत्येकाची परीक्षा वेगळ्या दिवशी संपते, म्हणून प्रत्येक जण वेगळ्या तारखेला जातो. पहिला निघणारा राजासारखा जातो: केक, झेंड्यावर सगळ्यांच्या सह्या, सामान उचलायला सहा जण, स्टेशनवर रडारड. पाचव्याच्या वेळी दोघं-तिघं उरलेले असतात, त्यातल्या एकाचा दुसऱ्या दिवशी पेपर असतो. शेवटच्याला निरोप द्यायला कुणीच नसतं. सगळ्यांनी मागे सोडलेली मिठाची पाकिटं आणि अर्धवट सॉसच्या बाटल्या तो एकटा संपवत बसतो.

म्हणून एक मोठी पार्टी करून मोकळं होऊ नका. जानेवारीतच फ्रीजवर एक कागद लावा, प्रत्येकाने जायची तारीख लिहायची. शेवटचं नाव कुणाचं आहे ते बघा. तुम्ही लवकर निघणार असाल, तर त्याच्यासोबत एक संध्याकाळ वेगळी काढा, दोघांनीच जेवा. ग्रुप फोटोत सगळे असतात, पण बोलणं कुणाशीच होत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपचं म्हणाल, तर तो फार तर होळीपर्यंत बोलतो.

निरोप घ्यायचा कसा, हेही प्रत्येकाचं निराळं. स्पॅनिश मुलगी दोन्ही गालांना गाल लावणार, कोरियन मुलगा वाकणार, जर्मन शेजारी हात पुढे करणार की मिठी मारणार हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. तुम्ही नमस्कार करायचा की नुसता हात हलवायचा? काहीही करा, चुकत नाही. जिच्याशी ‘हॅलो’च्या पुढे कधी गेलात नाहीत, पण जिने तुमचे चुकलेले फॉर्म तीनदा दुरुस्त करून दिले, त्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या बाईंना मात्र भेटून जा. त्यांच्याकडे दर सहा महिन्यांनी नवी मुलं येतात आणि जाताना सांगायला फार थोडी येतात.

कुकर परत आणू नका. बॅगेतलं वजन वाचतं आणि पुढच्या बॅचला भात मिळतो. फक्त झाकणावर चिठ्ठी चिकटवा: शिट्टी झाली तरी पळू नये, स्फोट होत नाही.

जर्मनमध्ये समोरासमोर निरोप घेताना ‘आउफ विडरझेएन’ म्हणतात, म्हणजे पुन्हा दिसेपर्यंत. फोन ठेवताना ते बदलून ‘आउफ विडरह्योरेन’ होतं, पुन्हा ऐकू येईपर्यंत. फेब्रुवारीनंतर तुमच्या वाट्याला बहुधा हा दुसरा शब्द येणार आहे. वेळेचं गणित लक्षात ठेवा: आपण साडेचार तास पुढे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन.

घरी पोचलात की सगळे दहा मिनिटं कौतुकाने ऐकतील, चॉकलेटं वाटून घेतील, मग तुम्हाला दूध आणायला पाठवतील. किचनमधले ते विनोद इथे कुणाला सांगून कळणार नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी सातला फ्रीजवरच्या शेवटच्या नावाला फोन लावा. तिथे दुपारचे अडीच वाजले असतील, तो एकटाच जेवत असेल.