इंजिनाचा श्वास

साहेबांची पांढरी अ‍ॅम्बॅसॅडर आठवते ना? तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मूळचं ब्रिटिश, ‘बीएमसी बी-सिरीज’ घराण्यातलं. १९५५ साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेल्या एमजीए या देखण्या स्पोर्ट्स कारमध्येही त्याच घराण्याचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन होतं. आपली अ‍ॅम्बॅसॅडर पन्नाशीच्या आसपास अश्वशक्तीत समाधानी. एमजीए मात्र सुरुवातीलाच ६८वर आणि लवकरच ७२वर!

जादू पेट्रोलची नाही, हवेची. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला जवळजवळ १५ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं; हवा आत घेणं हीच खरी कसरत. मिनिटाला ५५०० फेऱ्यांवर एकेक सिलिंडर सेकंदाला ४५हून जास्त वेळा श्वास घेतो. पिस्टन खाली उतरतो तो सेकंदाच्या साडेपाच हजारांश भागात. चारही सिलिंडर काठोकाठ भरले, तर सेकंदाला ६८ लिटर हवा. चार-पाच बादल्या!

ही हवा येते कुठून, तर दोन सिलिंडरांत मिळून एकाच दारातून. चार सिलिंडर, पण हवा आत येण्याची दारं दोनच. त्यात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. म्हणजे दोन नंबरचा घास संपत नाही, तोच शेजारचा एक नंबर त्याच ताटात हात घालतो. जुळ्या भावंडांची भांडणं, दुसरं काय!

म्हणून एमजीएला हवेत पेट्रोल मिसळणारे दोन एसयू कार्ब्युरेटर, प्रत्येक दाराला एक. आणखी ताकद हवी असलेले हौशी कारागीर मग सिलिंडर हेड उतरवून व्हॉल्व्हच्या बैठकीजवळचे कंगोरे घासतात. काहीजण हवेचा अख्खा मार्ग आरशासारखा चकचकीत करतात. माझ्या मते ती निव्वळ हौस. हवा वळते कशी, ते महत्त्वाचं.

सर्वांत गंमत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची. पिस्टन वर यायला लागला, तरी कॅमशाफ्ट हवा आत घेणारा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच ठेवतो. वेडेपणा वाटतो ना? पण धावत्या हवेलाही वजन असतं. भरधाव लोकलसारखी ती चटकन थांबत नाही, पिस्टनला न जुमानता आत घुसत राहते. इंजिन संथ असलं की मात्र हवेत तो जोर नसतो, आणि घेतलेला घास अर्धवट परत बाहेर येतो. त्यामुळे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा शर्यतीचा कॅम बसवलेली एमजीए सिग्नलला थांबली, की थंडी भरल्यासारखी थरथरते.