हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरची चिकित्सा

बरकतपुऱ्यातील जुन्या बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आणि अंगण ही वस्तू दुर्मिळ झाली. आमचे अंगण अद्याप शिल्लक असल्याने एक सेकंडहँड परदेशी ट्रॅक्टर तेथे काही आठवडे मुक्कामास राहू शकला. शेतातला नव्हे, बसून चालवायचा, पोटाखाली गवत कापणारी पाती असलेला, बागेचा छोटा ट्रॅक्टर. शहराबाहेरील आमच्या आंब्याच्या बागेसाठी तो घेतला होता. विकणाऱ्याने सांगितले होते, 'थंड असताना उत्तम चालतो.' अर्धे निदान त्या एका वाक्यातच होते.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत दिसणारे छोटे ट्रॅक्टर बहुधा गिअरचे असतात. हायड्रोस्टॅटिक यंत्रात चालकाला गिअर बदलावे लागत नाहीत. इंजिन एक पंप फिरवते, पंप तेल दाबाने एका मोटरीकडे ढकलतो आणि ती मोटर चाके फिरवते. पंपातील पिस्टन एका तिरक्या तबकडीवर टेकलेले असतात. तबकडी जितकी कलती तितके तेल अधिक, म्हणजे वेग अधिक. सरळ केली की गाडी थांबते, उलट कलवली की मागे जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युद्धनौकांच्या तोफा फिरवण्यासाठी वापरलेली ही युक्ती १९६०च्या दशकात अमेरिकेतील बागांच्या ट्रॅक्टरांत आली. हृदय, रक्तवाहिन्या आणि अभिसरण यांची उपमा आपणा वैद्यकीय मंडळींना सुचणारच. ती फार ताणू नये, कारण येथे हृदय दोन आहेत आणि दुसरे पहिल्याच्या दाबावर चालते.

आमचा रुग्ण सकाळी उत्साहाने धावे आणि अर्ध्या तासाने चढावर जागीच थबके. इंजिन मात्र व्यवस्थित गुरगुरत असे. काचीगुड्याच्या मिस्त्रींनी एकदा कान लावून निकाल दिला, "डाक्टरसाब, पंप गया. खोलना पडता." मी म्हटले, मिस्त्री, आधी बाहेरून तपासू. पिस्टन आणि त्यांची नळकांडी यांमधील फट केसाच्या जाडीहूनही कमी असते; अंगणातील धुळीत पंप उघडणे म्हणजे हात न धुता पोट उघडणे.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवला. प्रथम इंजिनाकडून पंपाकडे येणारा पट्टा: तो झिजून चकचकीत झाला असेल, तर पंप निर्दोष असूनही गाडी दमते. तो ठीक होता. मग बायपासचा दांडा. बंद गाडी ढकलता यावी म्हणून तो असतो. किंचित उघडा राहिला तरी तेल मोटरीला वळसा घालून परतते. तोही ठीक. तेलाची पातळी कमी नव्हती, पण तेल काळे आणि जळक्या वासाचे होते. अखेर आसनाखालची झाकणी काढली. पंपावरील थंडाव्याच्या पंख्याची पाती तुटलेली आणि भोवतीच्या धातूच्या खाचा वाळल्या गवताने ठासून भरलेल्या! तेल तापले की पातळ होते, पातळ झाले की झिजलेल्या फटींतून आतल्या आत गळते आणि दाब पडतो. रुग्णाला ज्वर होता.

पंखा आणि पट्टा राणीगंजच्या बाजारात मिळाले; जुना पट्टा नमुन्यादाखल नेणे नावापेक्षा उपयोगी पडले. पुस्तिकेत सांगितलेले २०डब्ल्यू-५० इंजिन तेल भरले. त्यानंतरची पायरी अनेक मिस्त्री गाळतात: आतली हवा काढणे. मागची चाके उचलून भक्कम टेकू द्यावा, बायपास उघडून इंजिन मंद चालवावे, वेगाचा दांडा पाच-सहा वेळा सावकाश पुढे-मागे न्यावा. मग बायपास बंद करून तेच पुन्हा करावे आणि तेल पुन्हा पाहावे. जाता जाता शल्यविशारद मित्रांसाठी: दाबाखालच्या तेलाची गळती बोटाने कधी शोधू नये, पुठ्ठा धरावा. त्वचेवर सुईएवढे छिद्र दिसते, पण आत शिरलेले तेल तातडीच्या शस्त्रक्रियेचे कारण ठरते.

इतके होऊनही मी गाडी बागेत पाठवली नाही. आसनाखाली आणखी एक गोष्ट सापडली होती. चालक उठताच इंजिन बंद पाडणारा स्विच कोणीतरी काढून त्याच्या तारा पिळून जोडल्या होत्या. मिस्त्रींना त्यात वावगे वाटले नाही. खड्ड्यात चालक उसळला की इंजिन बंद पडते, म्हणून सगळेच असे करतात, असे ते म्हणाले. बागेच्या राखणदाराचा सात वर्षांचा मुलगा यंत्र येणार म्हणून दिवस मोजत होता. त्याला मांडीवर बसवून एक फेरी मारण्याचे वचनही बापाने दिले होते. अशा यंत्राखाली मुले सापडतात ती बहुधा गाडी मागे येताना, किंवा मांडीवरून घसरून. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २००१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे: सोळा वर्षांखाली कोणी हे यंत्र चालवू नये, मुलांना त्यावर बसवून नेऊ नये, आणि सहा वर्षांखालील मुले कापणी चालू असताना घरातच असावीत. फिरत्या पात्याने पाऊल तुटलेल्या मुलाच्या आईवडिलांशी बोलणे कसे असते, हे बालरोगतज्ज्ञाला वेगळे सांगावे लागत नाही.

नवा स्विच पंपाच्या पंख्याहून स्वस्त पडला. मिस्त्रींनी कुरकुरत तो बसवला. पाती सुरू करून मी आसनावरून जरा उठलो. इंजिन तत्क्षणी बंद. खड्ड्यांवर उपाय म्हणून आसनाची दमलेली स्प्रिंग बदलली.

आता गाडी भर दुपारीही दोन तास काम करते. शेवटच्या चढावर अजून किंचित रेंगाळते. पंपाची झीज आहेच, वयोमानानुसार ती स्वीकारावी असे मी ठरवले आहे. राखणदाराच्या मुलाला इंजिन बंद असताना सुकाणू फिरवू देतो, किल्ली माझ्या खिशात ठेवून. तो माझ्यावर अद्याप रुष्ट आहे.