कारखान्यांच्या नदींतील मासे खावे कीं नाहीं ?

पाणी नितळ आहे, मासा ताजा आहे, तेव्हां तो खाण्यास हरकत नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती घातक आहे, हें जपानांतील आगानो नदीच्या उदाहरणावरून कळून येईल. या नदीच्या वरच्या अंगास असलेल्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यांतून पाऱ्याचें एक विषारी संयुग नदींत जात असे. पाण्यांत तें अत्यल्प; परंतु कीटकांतून लहान माशांत व त्यांतून मोठ्या माशांत सांचतां सांचतां तें अनेक पटींनीं वाढलें. खालच्या अंगास ते मासे नित्य खाणारांचे हातपाय बधिर झाले, तोल जाऊं लागला, दृष्टि अधू झाली; कित्येक दगावले. १९६५ सालीं हा प्रकार उघडकीस आला.

हें विष मांसांतच भिनत असल्यानें धुऊन, तळून किंवा कातडी काढून जात नाहीं. यास्तव जेथें असें सांडपाणी नदीस मिळतें, तेथून खालचे मासे तपासणीवांचून खाऊं नयेत. गर्भिणी व मुलें यांस तर मुळींच देऊं नयेत, कारण कोवळ्या मेंदूस तें अधिक बाधतें. ग्रामपंचायतीनें प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज करावा. मात्र त्यांत केवळ पाण्याची नव्हे, तर माशांचीहि तपासणी मागावी.