पोकळीवर चालणारं कुलूप

मर्सिडीजच्या जुन्या ३०० डी गाडीचं मागचं दार उघडा, आतलं पॅड उतरवा आणि सेंट्रल लॉकची मोटर शोधा. ती सापडणार नाही. मोटर नाही आणि तिच्याकडे जाणारी वायरही नाही. दाराच्या पोटात हाताला लागते ती प्लॅस्टिकची एक डबी आणि तिला जोडलेल्या दोन बारीक नळ्या. या नळ्यांतून काहीच येत नाही. उलट त्यांतली हवा काढून घेतली जाते आणि एवढ्यावरच दाराची खिट्टी वर-खाली होते.

ही गाडी डब्ल्यू १२३ या मालिकेतली. १९७६ साली ती बाजारात आली आणि दहाएक वर्षांत सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. मोरोक्कोत तर कित्येक दशकं शेअर टॅक्सी म्हटलं की हीच गाडी डोळ्यांसमोर यायची. सेंट्रल लॉक हवं असेल तर तेव्हा वेगळे पैसे मोजावे लागत. पैसे मोजणाऱ्याला मिळायचं ते हे हवेचं कुलूप.

डबीच्या मधोमध रबराचा एक पातळ पडदा आडवा ताणलेला असतो आणि त्याला दांडी जोडलेली असते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी. चालकाने आपल्या दारात किल्ली फिरवली की तिथली छोटी झडप यांपैकी एका नळीतली हवा खेचू देते आणि दुसरी बाहेरच्या हवेला मोकळी ठेवते. ज्या बाजूची हवा गेली त्या बाजूला पडदा सरकतो, दांडी हलते, दार बंद होतं. किल्ली उलटी फिरवली की नळ्यांची कामं बदलतात. चारही दारं, डिकी, इंधनाच्या टाकीचं झाकण, सगळं जवळजवळ एकाच क्षणी.

पडद्याला पोकळी ओढते असं आपल्याला वाटतं, पण ढकलणारी असते बाहेरची हवा. शहाळ्यातलं पाणी नळीने वर चढतं तेही असंच: आपण फक्त नळीतली हवा काढतो, पाणी चढवायचं काम वातावरण करतं. समुद्रसपाटीला ही हवा दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजनाइतका रेटा देते. समजा, पडद्याचा व्यास चार सेंटिमीटर आहे आणि एका बाजूची अर्धीच हवा काढली आहे. तरी दांडीवर सहा किलोच्या आसपास जोर येतो. खिट्टीला तेवढा पुरून उरतो. ऑटो फॉन गेरिके या जर्मन महापौराने १६५७ मध्ये मॅग्डेबर्गला धातूचे दोन अर्धगोल जुळवून आतली हवा काढली आणि सोळा घोडे जुंपूनही ते सुटेनात. तोच रेटा या दारात कामाला लावला आहे, हे कळलं की त्या डबीकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं जातं.

पोकळी येते कुठून? पेट्रोल इंजिन हवा आत ओढताना ती आयतीच तयार करतं. या गाडीच्या डिझेल इंजिनात हवेची वाट अडवणारी थ्रॉटलची झडप नसते, म्हणून इंजिनाच्या पुढच्या बाजूला खास व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. शिवाय एक रिकामी टाकी असते. इंजिन बंद केल्यावरही दारं लॉक करता यावीत म्हणून तिच्यात चक्क पोकळी साठवून ठेवलेली असते.

आता या रचनेतली सर्वांत विलक्षण गोष्ट. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे नुसती वीज तोडून ते थांबत नाही. त्याचं इंधन तोडावं लागतं. डब्ल्यू १२३ मध्ये हे कामही पोकळीच करते: किल्ली बंद केली की इंजेक्शन पंपावरचा एक छोटा पडदा खेचला जातो, डिझेल थांबतं, इंजिन शांत होतं. ही पोकळीही त्याच व्हॅक्यूम पंपाची. म्हणजे मागच्या दारातलं नखाएवढं रबर फाटलं, तर किल्ली खिशात टाकूनही इंजिन धडधडत राहू शकतं! मध्ये एकमार्गी झडपा असतात, पण चाळीस वर्षांत त्यांच्यावरही भरवसा उरत नाही. अशा वेळी बॉनेट उघडून इंजेक्शन पंपाजवळचा ‘स्टॉप’चा खटका हाताने दाबावा लागतो. दाराचं दुखणं आणि इंजिनाचं दुखणं एकच असू शकतं, हे ज्या मेकॅनिकला ठाऊक नाही, तो भलत्याच ठिकाणी पाने-पकड घेऊन बसतो.

गळती शोधण्यातही एक देखणा तर्क आहे. इंजिन बंद केल्याबरोबर दारं लॉक होतात, पण दोन-तीन तासांनी होत नाहीत, म्हणजे टाकीतली पोकळी हळूहळू निसटते आहे. इंजिन थांबायला वेळ घेत असेल, तर दारं एकदा लॉक आणि एकदा अनलॉक ठेवून पाहावं. एकाच स्थितीत त्रास होत असेल, तर गळती त्या स्थितीच्या नळीवर आहे. मग काट्याचा मीटर असलेला व्हॅक्यूमचा हातपंप घ्यायचा, एकेक शाखा सोडवून तिच्यातली हवा काढायची आणि काट्याकडे पाहत राहायचं. काटा स्थिर राहिला तर ती शाखा निर्दोष. घसरला तर त्याच दाराचं पॅड उतरवायचं. तोवर त्या शाखेच्या तोंडात छोटं बूच ठोकलं तर उरलेली दारं लगेच चालू लागतात, कारण एका ठिकाणची गळती सगळ्यांचाच जोर काढून घेत असते.

प्लॅस्टिकच्या नळ्या सहसा टिकतात. दगा देतं ते रबर: डबीतला पडदा, नाहीतर नळ्या जोडणारे छोटे सांधे. उन्हाने आणि वयाने ते कडक होतात, त्यांना चिरा जातात. एखादा सांधा बदलणं अगदी किरकोळ काम आहे. पडदा फाटला असेल तर पूर्ण डबीच बदलणं बरं.

ही विद्या आपल्याकडेही उपयोगी आहे. १९९५ पासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची जी डब्ल्यू १२४ जुळवली जाऊ लागली, तिचं कुलूपही हवेवरच चालतं. फक्त तिच्यात त्यासाठी विजेवरचा स्वतंत्र पंप आहे, मागच्या सीटखाली. लॉक केल्यावर तो क्षणभर गुणगुणून थांबायला हवा. बराच वेळ घुमत राहिला, तर कुठेतरी गळती आहे.

अशी गाडी कुणाकडे असेल तर एक विनंती. एखादं दार लॉक होईना म्हणून हे सगळं उपटून बाजारातलं मोटरवालं किट बसवू नका. आधी रबराचे सांधे तपासा. आणि जुन्या डिझेलमध्ये गळतीकडे काणाडोळा करू नका: ब्रेकचं पेडल हलकं करणारा बूस्टरही त्याच व्हॅक्यूम पंपावर चालतो. पेडल जड लागलं, तर गाडी रस्त्यावर न काढता आधी दुरुस्त करून घ्या.