गंजिफा चौकटीत नव्हे, हातात शोभतात

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळांशेजारी गोल, चकचकीत गंजिफा मांडलेल्या असतात. देवांची छोटी चित्रं समजून अनेक जण दोन-चार सुटी पानं मागतात. चित्रं सुरेख आहेतच, पण तो पत्त्यांचा जोड आहे.

दशावतारी जोडात १२० पानं असतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं. राजाच्या पानावर खुद्द अवतार, प्रधान बहुधा घोड्यावर, मग एक ते दहा. या दहा पानांवरच्या चित्रांना लोक नक्षी समजतात आणि तिथेच फसतात. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे, परशुरामाच्या सत्तीवर सात परशू. आकडा कुठेही लिहिलेला नसतो, चिन्हं मोजायची.   आणि हा मासा डावही जिंकून देतो.

पत्ते इंग्रजांनी आणले, हा समजही पक्का बसला आहे. पण बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. इराणी वळणाच्या मोगली जोडात आठ रंग आणि ९६ पानं असत. त्यांवरच्या मुकुट-तलवारींच्या जागी मासा, कासव, कमंडलू आले ते इथल्या चिताऱ्यांच्या कुंचल्यातून.

जुगाराचा शिक्काही अन्यायाचा आहे. तिघांत प्रत्येकी चाळीस पानं वाटतात. दिवसा डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. हुकूम नसतो. पाच रंगांत दश्शी एक्क्याला भारी, उरलेल्या पाचांत एक्का दश्शीला. पडलेली पानं ध्यानात ठेवणाऱ्याचाच इथे निभाव लागतो.

आजचा माल छापील, जुनाच काय तो खरा, असंही ऐकू येतं. ही कला विझू लागली तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले. तिथे आजही पान हातानेच रंगवतात आणि वर लाखेचा हात देतात. त्या कामाला नक्कल म्हणणं मला पटत नाही.

जोड घ्याल तेव्हा १२० पानं मोजून घ्या, खेळाचे नियम विचारून घ्या. आणि चौकटीसाठी जोड फोडू नका. एक पान गेलं तरी डाव मांडता येत नाही.