काटा अडला तरी चालणे सोडू नका

पेण असो की रोहा, सकाळी फिरायला जाणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: पहिल्या दोन-तीन महिन्यांत चार-पाच किलो उतरले, आता काटा हलतच नाही. मग कंटाळून चालणेच बंद होते.

यात आळसाचा दोष नसतो. ८० किलोचे शरीर ७५ वर आले की तेवढ्याच चालण्यात कॅलरी कमी खर्च होतात, भूकही वाढते. वजन आणखी उतरवायचे तर ताटातल्या भाताकडे पाहावे लागते.

पण व्यायामाचा हिशेब नुसत्या काट्यावर कशाला? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडे ही चरबी पोटात साठते आणि मधुमेहाला वाट करून देते. नियमित व्यायामाने ती वजन न घटताही कमी होऊ शकते. म्हणून महिन्यातून एकदा टेपने पोटाचा घेर मोजा. पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

व्यायामानंतर स्नायू रक्तातली साखर अधिक चांगली वापरतात, पण हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. त्यामुळे सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. जुलैत पाऊस कोसळत असेल तेव्हा घरातला जिना किंवा पडवीतल्या येरझाऱ्याही चालतात. गणपतीच्या कारखान्यात दिवसभर बैठक मारून रंगकाम करणाऱ्यांनी तर तासातासाला उठावेच.