खात्यात सुटला, म्हणून कोर्टात सुटला काय?



आपल्या कोंढ्याच्या चौकात पानठेल्यावर धानाच्या भावाइतकीच आणखी एक चर्चा रंगते. कुठला तरी कर्मचारी लाच घेताना सापडतो, निलंबित होतो आणि दोन-चार वर्षांनी कानावर येते, "भाऊ, साहेब त चौकशीत सुटला न जी!" फिर्याद देणाऱ्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. "आता कोर्टात साक्ष देऊन काय फायदा? उगाच वैर कशाला?" असे म्हणून तो जबाब फिरवतो. हा गैरसमज दूर व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

खातेनिहाय चौकशी आणि फौजदारी खटला हे दोन वेगळे काटे आहेत. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी टनात मोजतात. सोनाराचा काटा गुंजेचाही हिशेब ठेवतो. खाते एवढेच पाहते की, हा माणूस नोकरीत ठेवण्याजोगा आहे काय? तिथे आरोप खरा असण्याची शक्यता जास्त दिसली तरी शिक्षा होते. कोर्टात मात्र माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते. म्हणून तिथे गुन्हा संशयातीत सिद्ध करावा लागतो.

मग खात्याने निर्दोष सोडले तर? १९९६ साली पी. एस. राज्या विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द केला. बेहिशेबी मालमत्तेचा तोच आरोप खात्याच्या चौकशीत टिकला नव्हता. या निकालाचा आधार घेऊन पुढे अनेकांनी कोर्टाची दारे ठोठावली.

शेवटी २०१२ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या गोष्टीचा उलगडा केला. दिल्ली जल बोर्डाच्या एका कनिष्ठ अभियंत्यावर लाचेचा आरोप होता, पण खात्याच्या चौकशीत तो सुटला होता. दिल्ली राज्य विरुद्ध अजयकुमार त्यागी या निकालात न्यायालय म्हणाले की, खात्यात सुटला एवढ्यावरून खटला आपोआप संपत नाही. राज्या यांचा निकाल त्या प्रकरणापुरता होता. खटला कोर्टापुढे येणाऱ्या पुराव्यावरच चालेल.

याला दुसरी बाजूही आहे. मुंबईतील सिडबीच्या एका अधिकाऱ्याचे प्रकरण २०२० साली सर्वोच्च न्यायालयात आले. केंद्रीय दक्षता आयोगाने कागदपत्रे तपासून खटल्यास मंजुरी देऊ नये असे म्हटले होते. त्याच गोष्टींवर शिक्षा होण्याची आशा फार कमी, असे पाहून न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. म्हणजे तांत्रिक कारणाने सुटणे वेगळे आणि आरोपात मुळीच तथ्य नाही म्हणून सुटणे वेगळे. निरपराध माणसाला जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावणे हाही न्याय नव्हे.

उलट बाजूनेही हेच समजावे. कोर्टात सुटला म्हणजे नोकरी आपोआप परत मिळते असे नाही. आणि खात्याने शिक्षा दिली म्हणजे कोर्टात गुन्हा सिद्ध झाला असेही नाही.

हा कायदा फक्त सरकारी कचेरीचा, असे आपण संस्थावाल्यांनी समजू नये. आपल्या राज्यातील लालजित राजशी शहा खटल्यात २००० साली ठरले की, सहकार कायद्याच्या कलम १६१ ने लोकसेवक मानलेला पदाधिकारी तेवढ्याने दंड संहितेतला लोकसेवक होत नाही. पण १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने ही पळवाट बुजवली आहे. शेती, उद्योग, व्यापार किंवा बँकिंग करणाऱ्या आणि सरकारी अर्थसाह्य घेतलेल्या नोंदणीकृत सहकारी संस्थेचे अध्यक्ष, सचिव व इतर पदाधिकारी आता लोकसेवकच आहेत.

शेवटी सभासदांस एवढीच विनंती. कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवा. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केल्यास बचाव आहे. आणि एकदा फिर्याद दिली की खात्यात काहीही होवो, कोर्टात जे घडले तेच सांगा, ना कमी ना जास्त. कायद्याचा काटा कितीही बारीक असला, तरी त्यात टाकायला खरी साक्ष आपल्यालाच न्यावी लागते.